मॉरिस मायनरला टायमिंग बेल्ट बसवावा की चेनच बरी?

मायनर_दादर

आमची मॉरिस मायनर १००० ही १९६० ची, ९४८ सीसीची. बाबांनी घेतली तेव्हा मी तिसरीत होतो, आणि आता माझी मुलगी तिच्यात बसून वरळी सी-फेसला जायचा हट्ट धरते. गेल्या महिन्यात इंजिन उतरवलं. सकाळी स्टार्ट केल्यावर पुढून खळखळ यायची, डब्यात चिल्लर हलवावी तशी. टायमिंग कव्हर उघडलं, म्हणजे क्रँकवरून कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणाऱ्या टायमिंग चेनवरचं झाकण. कॅमच्या चाकाला दोन्ही अंगांनी ज्या रबरी रिंगा असतात, चेनला दाबून धरणाऱ्या, त्या शिळ्या भाकरीसारख्या कडक झाल्या होत्या. एक तर हातातच तुटली.

या ए-सिरीज इंजिनासाठी परदेशात दात्यांच्या बेल्टचं किट मिळतं. चेन आणि तिचं तेलकट कव्हर काढायचं, त्या जागी दोन ऑइल सील असलेली प्लेट लावायची, क्रँकवर आणि कॅमवर दात्यांच्या पुल्या, आणि बाहेर कोरडा बेल्ट. माझं ठाम मत आहे की तो बसवावा. चेन झिजून लांबली की कॅम मागे पडतो. आपला डेल्को (प्लगना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर) कॅमवरूनच फिरतो, म्हणजे स्पार्कही मागे पडतो, आणि चेन हिसके देते तसा पुढेमागे नाचतो. बेल्ट हे हिसके गिळतो. फियाटने १९६६ मध्ये १२४ स्पोर्टच्या ट्विन-कॅम इंजिनाला बेल्ट दिला. मारुती ८०० तर आपल्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं बेल्टवर धावली. मग मायनरनेच काय पाप केलंय?

फिटरकाका_परळ

दादरकर, मी ३४ वर्षं वर्कशॉपात फिटर होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. मारुतीचं इंजिन बेल्ट धरूनच आखलेलं आहे. सील कुठे, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर कुठे, धूळ अडवायला कव्हर कसं, हे सगळं आधी ठरवून मग ते इंजिन ओतलं. तुमच्या इंजिनाचा पुढचा भाग तेलात बुडून चालण्यासाठी आहे. तिथे तेल गळलं तर चेनला काही होत नाही, उलट तिला तेल हवंच असतं. बेल्टला मात्र तेल लागलं की रबर फुगतं, दात सुटतात.

आणि गळणार नाही याची हमी कोण देणार? सीलची प्लेट क्रँकच्या बरोबर मध्यावर बसली नाही, केसभर जरी सरकली, तरी सील एका अंगाने खाल्लं जातं. साधं टायमिंग कव्हर बसवतानासुद्धा आम्ही आधी पुली आत सरकवून कव्हर मध्यावर आणायचो आणि मगच बोल्ट आवळायचो. ही घाई न करण्याची गोष्ट आहे, आणि हल्ली गॅरेजात तेवढा वेळ कोणी देत नाही.

तुमच्या दुखण्यावर इलाज आहे, तो म्हणजे दुहेरी, दोन रांगांची चेन. याच घराण्यातल्या मिनी कूपर एस इंजिनांना ती कंपनीतूनच होती. चाकं रुंद येतात, त्यामुळे पुढच्या प्लेटवरचे दोन बोल्ट मागे घासतात. ते काढून तिथे सीएसके (डोकं पत्र्यात बुडणारे) स्क्रू लावायचे, प्लेटला भोकाच्या तोंडाशी खोलगट करून, म्हणजे डोकं वर राहत नाही. अर्ध्या दिवसाचं काम.

पार्ल्याची_मिनी

काका, तुमच्या हाताला मान आहेच, पण माझ्या मिनीवर, म्हणजे याच घराण्यातल्या इंजिनावर, ६ वर्षं बेल्ट आहे. या काळात एकदा बदलला, तोही तुटला म्हणून नाही, वय झालं म्हणून. गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतं, म्हणून मी किलोमीटर मोजतच नाही, तारीख लिहून ठेवते. तेलाचा थेंब नाही.

दादरकर, दोन गोष्टी मात्र कोणी आधी सांगितल्या नाहीत, त्या मी सांगते. माझ्या इंजिनाचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी नळी) टायमिंग कव्हरवरच होता. कव्हर गेलं, ब्रीदर गेला, आणि पहिल्या महिन्यात इंजिन जिथून मिळेल तिथून तेल ओकायला लागलं. क्रँककेसमधला दाब कुठून तरी बाहेर पडणारच ना. मग बाजूच्या टॅपेट कव्हरवर नवीन ब्रीदर बसवून घेतला, तेव्हा शांत झालं. तुमच्या ९४८ चा ब्रीदर कुठे आहे ते आधी बघा.

दुसरं, बेल्ट गप्प असतो हे खरं नाही. चेनची खळखळ जाते, पण बारीक शीळ येते. मला ती आवडते. मी बेल्ट लावला तो आवाजासाठी नव्हताच. कॅम बदलला होता, आणि त्याचं टायमिंग दोन-चार अंश पुढेमागे करून बघायचं होतं. कॅमची पुली सैल करून ते दहा मिनिटांत होतं. चेनला तेच करायचं तर कव्हर खोला, पॅकिंग बदला, पुन्हा लावा.

कुर्ल्याची_पद्मिनी

मी चेनच्या बाजूने. आमच्याकडच्या एका गॅरेजने (नाव लिहीत नाही) पद्मिनीला लेथवर पुल्या काढून बेल्ट लावून दिला होता, माझ्याच गाडीला. तीन महिने मजेत गेले. मग लालबागच्या पुलावर भर संध्याकाळी इंजिन झटक्यात बंद. ना आवाज, ना मिसिंग, ना पिकअप कमी झाल्याची खूण. मागे बेस्टच्या बसेसची रांग, गाडीत आई. टोचन करून आणली, बघितलं तर सलग पाच दात बेल्टवरून सोलून निघालेले, आणि आतली बाजू तेलाने काळी.

याच शहरात पद्मिनी टॅक्सी चेनवर धावल्या, ऑक्टोबर २०२३ पर्यंत. चेन खराब झाली तर महिनाभर आधी खडखडून सांगायची, टॅक्सीवाला सवडीने बदलायचा.

पार्ल्याची_मिनी

दादा, आईला घेऊन तसं अडकणं वाईटच. पण तो दोष लेथवर काढलेल्या पुलीचा आणि गळक्या सीलचा. दाताचा आकार आणि बेल्टचा आकार जुळायलाच हवा. बनवलेलं किट आणि अंदाजाने काढलेली पुली एका मापात तोलू नका.

कुर्ल्याची_पद्मिनी

मान्य, ताई. पण मुंबईत हे किट शिकलेले हात किती? ऑपेरा हाउसच्या पार्टच्या दुकानांत मायनरची चेन शोधून मिळेल, हा बेल्ट मिळणार नाही. पावसात, मुलुंड चेकनाक्याला, काय कराल?

गिरगावचा_वकील

एक बाजू राहिली. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, वैयक्तिक वापरातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो. पण गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. बेल्ट हा इंजिनातला बदल मानायचा की नाही यावर वाद घालता येईल, पण तो वाद आरटीओच्या खिडकीवर उभं राहून घालायची वेळ का आणायची? माझं मत, मूळ गाडी मूळच ठेवा. साठ-पासष्ट वर्षं टिकलेली वस्तू आपल्या हातात आली, तर तिचं इंजिन उघडल्यावर आत तेच दिसलं पाहिजे जे बनवणाऱ्याने ठेवलं होतं.

पार्ल्याची_मिनी

वकीलसाहेब, यात काही कापावं लागत नाही. जुनी चाकं, कव्हर, बोल्ट सगळं माझ्याकडे ग्रीस लावून डब्यात आहे, एका रविवारी परत लागेल. आणि व्हीए नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला चालत नाही. मला गाडी चालवायची आहे.

मायनर_दादर

मीही आठवड्यातून दोनदा ऑफिसला नेतो, म्हणून व्हीएच्या वाटेला जात नाही. पण वकीलसाहेबांचं शेवटचं वाक्य रात्रभर डोक्यात होतं.

काल फिटरकाका स्वतः घरी आले. रॉकर शाफ्ट उतरवला, म्हणजे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा जोर कॅमवर येत नाही, कॅमच्या चाकावर खडूची रेघ मारली, क्रँकच्या नटाला पाना लावला. एका दिशेने फिरवून थांबलो, मग उलट. रेघ हलेपर्यंत क्रँक जवळजवळ ८ अंश फिरला, म्हणजे चेन तेवढी ढिली. कागदावर अंशांचं चक्र काढून पुलीवर चिकटवलं होतं, त्यामुळे अंदाज नाही, डोळ्यांनी बघितलं. क्रँकच्या चाकाचे दात एका बाजूने आकड्यासारखे वाकलेत. त्यामुळे चेन बदलायचीच, यावर आता वाद नाही.

मग काकांनी पुढच्या प्लेटवर पोलादी पट्टी उभी धरली आणि मागे टॉर्च लावला. बोल्टच्या भोकांभोवती पट्टीखालून उजेड येत होता. कोणी तरी पूर्वी बोल्ट जास्त आवळून पत्रा खोलगट केलाय. काका म्हणाले, "याच्यावर सीलची प्लेट कशी सरळ बसेल, तूच सांग."

बेल्ट चांगला असतो, हे माझं मत अजून तेच आहे. पण या प्लेटवर तो लावणार नाही. दुहेरी चेन मागवतोय. ब्रीदर बघितला, ताई, आमचा बाजूच्या कव्हरवरच आहे.

फिटरकाका_परळ

प्लेट शनिवारी घेऊन ये. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून भोकांभोवतीचा पत्रा हळूहळू सपाट करू, मग सीएसकेचं काम. आणि तुटलेली रिंग टाकू नकोस, माप घ्यायला लागेल.