शब्दचर्चा: शैक्षणिक 'यश' की आणखी काही?

केप्याहून
नमस्कार मंडळी. मी प्रायमरीत शिकवते, वर्गात बरीचशी मुलं वेळीप आणि गावडा या गोव्यातल्या आदिवासी समाजांची. वर्षअखेरीच्या रिपोर्टमधे 'शैक्षणिक यश' असा रकाना असतो आणि त्यात फक्त हजेरी नि मार्क. पौषात धालो, म्हणजे बायकांची गाणी-नाच, सुरू झाले की मुली रात्री आईबरोबर मांडावर (धालो खेळायच्या अंगणात), मग सकाळी वर्गात पेंगतात, हजेरी घसरते. पण त्यातल्याच एकीला ढीगभर गाणी तोंडपाठ, हातात एक कागद नाही! तिच्यापुढे 'यश कमी' लिहिताना माझा हात अडखळतो. दुसरा शब्द सुचवाल का?

फोंड्याहून
ताई, 'यश' म्हणजे मुळात कीर्ती, म्हणजे ते दुसऱ्यांनी द्यायचं असतं. मांडावरच्या बायकांनी त्या मुलीला ते कधीच दिलंय. आणि 'इयत्ता' बघा, संस्कृतात इयत् म्हणजे एवढं, इयत्ता म्हणजे एवढेपणा, माप. वर्गालाच आपण मापाचं नाव दिलंय, पण भात पायलीने मोजतात आणि नारळ शेकड्यावर, नारळ कोणी पायलीत भरत नाही.

मडगावहून
न्यूझीलंडच्या 'का हिकितिया' या 2008 च्या धोरणात ध्येयच असं होतं की तिथल्या मूळ माओरी समाजाच्या मुलांनी माओरी म्हणूनच शिक्षणात यश मिळवावं. तो 'म्हणूनच' फार मोलाचा आहे. कॅनडात 2007 ला तिथल्या मूळ लोकांबरोबर बसून शिकण्याची मॉडेलं तयार केली, त्यातल्या फर्स्ट नेशन्स या गटाचं तर जिवंत झाडाच्या रूपात, शाळा हा त्यातला फक्त एक भाग. आणि मुलं शाळा सोडतात त्याला 'गळती' म्हणतो, तो शब्द पण बदला हो, गळतं भांडं आणि आपण दोष पाण्याला देतो.

काणकोणहून
मी स्वतः वेळीप. मार्क काढून टाकू नका प्लीज. 2003 मधे आम्हाला एसटी, म्हणजे अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पण त्या राखीव सीटवर अर्ज करताना मार्कच विचारतात. 'हिला धालो येतात, गणित नाही आलं तरी चालेल' असं कोणी म्हणायला लागलं तर नुकसान आमच्याच पोरांचं. दोन्ही मोजा, फक्त दुसरं काय मोजायचं ते आमच्या माणसांना विचारून ठरवा. आमच्यात 'शिकिल्लो' वेगळो आणि 'शाणो' वेगळो. रानातला कुठला कंद खायचा, कुठला सोडायचा, मोठ्यांपुढे कधी बोलायचं हे ज्याला कळतं तो शाणो, मग तो नापास का असेना. ते ओळखायला गावचे बुधवंत म्हणजे जाणते वडीलधारे, आज्या आहेत, बाहेरचा इन्स्पेक्टर एका दिवसात काय ओळखणार?

केप्याहून
दादा, पटलं. मग 'येणं' कसं वाटतं? तिला वाचता येतं, भागाकार अजून येत नाही, धालोची गाणी येतात, कंद ओळखता येतात. एकाच क्रियापदात सगळं बसतंय, मराठीत रोज बोलतोच आपण असं. रकान्याचं छापील नाव मला बदलता येणार नाही, पण खाली शेऱ्याची जागा असते तिथे 'काय काय येतं' लिहीन. पुढच्या पालकसभेला आयांबरोबर आज्यांनाही बोलावते, पहिली यादी त्याच सांगतील.