मदत हवी आहे: चोर्ला घाटाच्या चढणीला प्रीमियर पद्मिनी बंद पडते

मंडळी, मी बेळगावचा. चार महिन्यांपूर्वी १९८४ची पद्मिनी घेतली. १०८९ सीसीचं मूळ इंजिन, गियर स्टिअरिंगजवळच्या दांड्यावर. शोभेला ठेवायला घेतलेली नाही, दर रविवारी चालवतो. निपाणी-कोल्हापूर सपाट रस्त्याला एकदम झकास जाते.

पण गोव्याहून परतताना केरी सोडून चढण लागली की दुसऱ्या गियरमध्ये आचके द्यायला लागते आणि बंद पडते. दोनदा झालं, दोन्ही वेळा भर दुपारी, गाडीत चौघं. बॉनेट उघडून इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर (टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढणारा) ओलं फडकं ठेवलं, दहा-पंधरा मिनिटांनी लगेच सुरू झाली.

ठिणगीकडचं सगळं, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, प्लग, कॉइल, नवीन घातलंय. कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) साफ केला, टाकीही धुतली. पाणी उकळत नाही, तापमानाचा काटा मधेच असतो. पंप मात्र जुनाच, इंजिनला लागून असलेला. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे त्याच्या आतल्या पडद्याचं (डायफ्रॅम) जुनं रबर खराब होतं हे माहीत आहे, पण पंप अजून उघडलेला नाही.

खानापूरचे मिस्त्री म्हणतात टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवा. मला शक्यतो मूळ रचना मोडायची नाही, शिवाय दाब जास्त झाला तर कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होईल ही भीती आहेच.

ज्यांनी पद्मिनी घाटात चालवली आहे त्यांनी सांगा: नवीन पडदा घालून आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब फिरवून हे थांबतं, की इलेक्ट्रिक पंपाशिवाय इलाज नाही? आणि बसवायचाच झाला तर किती दाबाचा?