मारुती ८०० (१९९८, कार्बोरेटर): सिग्नलला काटा चढतो, हायवेला उतरतो. नेमकं काय तपासायचं?

सरकी:
गाडी अकोल्यात आहे. साधं मॉडेल, एसी नाही. एप्रिल लागला की शहरात चार-पाच सिग्नल सलग लागले तर टेंपरेचरचा काटा लाल पट्टीजवळ जातो. मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगाने दहा मिनिटं चालवली की परत निम्म्यावर येतो. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी आहे. थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाका, असा सल्ला मिळालाय. मे महिन्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा आहे. सुरुवात कुठून करू?

फॅनबेल्ट:
काटा कधी चढतो यातच अर्धं उत्तर असतं. उभ्या गाडीत तापते आणि वेगात थंड होते, म्हणजे पाणी फिरतंय, वारा कमी पडतोय. उलट असतं, म्हणजे शहरात ठीक आणि हायवेला तापली असती, तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा वॉटर पंप कमजोर आहे असं धरलं असतं. म्हणून तुम्ही आधी पंख्याकडे बघा, थर्मोस्टॅटला अजून हात लावू नका.

८०० चा पंखा विजेवर चालतो आणि पाण्यात बसवलेला थर्मो स्विच त्याला चालू करतो. इग्निशन ऑन करा, स्विचचं कनेक्टर काढा. दोन पिना असतील तर वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडा, एकच वायर असेल तर ती बॉडीला टेकवा. पंखा फिरला तर मोटर आणि वायरिंग ठीक, एरवी गरम इंजिनावरही फिरत नसेल तर स्विच गेलाय. नाही फिरला तर फ्यूज, रिले, अर्थिंग या क्रमाने बघा. पात्याला बोट लावल्यावरच सुरू होत असेल तर मोटरचे कार्बन झिजलेत. असा पंखा सकाळी थंडीत फिरून दाखवतो आणि दुपारी दगा देतो. हात घालताना सांभाळा, इंजिन गरम असलं की तो कधीही सुरू होऊ शकतो.

आणखी एक तपासणी कोणी करत नाही. ग्रिल काढा, पंखा चालू असताना वर्तमानपत्राचं एक पान रेडिएटरच्या पुढून जाळीला लावून हात सोडा. पान चिकटून राहिलं पाहिजे. खाली पडलं तर ओढ कमी आहे. पुढे उडालं तर पंखा उलटा फिरतोय.

जुनं_लोखंड:
आपल्याकडच्या उन्हाळ्यात थर्मोस्टॅटची गरजच काय? काढून टाका, पाणी सतत फिरतं. विदर्भात निम्म्या जुन्या गाड्या अशाच चालतात.

फॅनबेल्ट:
चालतात खऱ्या, पण त्याने तापण्याचं कारण जात नाही. थर्मोस्टॅट उघडला की पाण्याला वाट मोकळीच असते. तो नसला तर हिवाळ्यात इंजिन धड गरम होत नाही, चोक जास्त वेळ ओढावा लागतो, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. खराब झाला असेल तर बदला, काढून ठेवू नका. तपासायला पाच मिनिटं लागतात: दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात बुडेल पण तळाला टेकणार नाही असा लटकवा, शेजारी थर्मामीटर धरा. त्यावर ८२ कोरलेलं असेल तर ८२ अंशांच्या आसपास झडप सुटायला लागते. पाणी उकळेपर्यंत ती पूर्ण उघडली पाहिजे. अर्धवट अडकली तर तो टाकून द्या.

डिस्टिल्ड:
मला बोअरच्या पाण्याची जास्त काळजी वाटते. आपल्या भागातलं पाणी जड. त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि ८०० चं हेड (इंजिनाचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं असल्यामुळे पाण्याच्या वाटा कुरतडल्या जातात. रेडिएटरची कॅप थंड असताना उघडून आत टॉर्च मारून बघा. नळ्यांच्या तोंडाशी पांढरी-तांबूस खरड दिसली तर बाजारातलं फ्लश घालून भागणार नाही, रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. नळ्या सडल्या असतील तर रिकोर, म्हणजे आतली जाळीच नवी.

नंतर सगळं पाणी काढा आणि निघालेलं मोजा, तेवढंच परत जायला हवं. कमी गेलं तर आत हवा अडकली. एक भाग कूलंट, दोन भाग डिस्टिल्ड पाणी एवढं पुरे. अर्धं-अर्धं मिश्रण गोठणाऱ्या थंडीसाठी असतं. कूलंटमधलं ग्लायकॉल साध्या पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, म्हणून जास्त घालून उलट तोटाच. मात्र तिसऱ्या हिश्शापेक्षा कमीही नको, गंजरोधक अपुरं पडतं. डब्यावर ‘रेडी टू यूज’ असेल तर त्यात पाणी घालूच नका.

भरताना गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, हीटर असेल तर त्याचा कॉक गरमवर. बारीक धारेने ओता, इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) सुरू करा आणि रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हाताने दाबत राहा. बुडबुडे यायचे थांबले की कॅप लावा. पंखा दोनदा चालू-बंद होऊ द्या, गाडी पूर्ण थंड झाल्यावर परत पातळी बघा.

कॅपही नवीनच घ्या, वर ०.९ हा दाबाचा आकडा लिहिलेली. एवढा दाब टिकला तर पाणी १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालेली कॅप म्हणजे हे १८ अंश गेलेच. गाडी थंड झाल्यावर होज चिपाडासारखा चपटा होत असेल तर कॅपची आतली छोटी झडप अडकलीय किंवा जादा पाण्याच्या बाटलीकडे जाणारी नळी तुंबलीय.

टायमिंग_लाइट:
इग्निशन टायमिंग मागे पडलेलं असेल तर रेडिएटर नवा टाकूनही गाडी तापेल. ठिणगी उशिरा पडली की ज्वलन लांबतं आणि उष्णता एक्झॉस्टच्या वाटेने हेडमध्ये मुरते. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) व्हॅक्यूम नळीला तोंडाने ओढा, आतली प्लेट हलली पाहिजे आणि जीभ लावून धरल्यावर जागेवर थांबली पाहिजे. लगेच परत आली तर पडदा फाटलाय.

घाटासाठी: चिखलदऱ्याच्या चढावर वेग कमी, इंजिनावर भार जास्त, म्हणजे सिग्नलपेक्षा वाईट स्थिती. तिसऱ्यात रेटू नका, दुसऱ्यात फिरतं ठेवा. त्याने पंपही जोरात फिरतो. काटा चढायला लागला तर हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू करा, तो छोटा रेडिएटरच आहे. पाणी असेल तर थांबून आयडलला ठेवा. वाफ निघून पाणी गेलं असेल तर लगेच बंद करा, पाऊण तास कॅपला हात नको. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेड वाकतं, आणि ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलं तर फेसिंगशिवाय (हेडचा तळ घासून सपाट केल्याशिवाय) त्याखालचं गॅस्केट टिकत नाही.

सरकी:
स्विचच्या वायरी जोडल्यावर पंखा फिरतो. पण वर्तमानपत्राचं पान पुढे उडतं. मोटर मागच्या वर्षी एका गॅरेजमध्ये बदलली होती. नुसत्या दोन वायरी अदलाबदल करू का?

फॅनबेल्ट:
आधी पातं बघा. पात्याची खोलगट बाजू इंजिनाकडे असायला हवी. तशी असेल तर वायरी बदला, पान चिकटेल. पातंच उलटं बसवलेलं असेल तर वायरी बदलून वाऱ्याची दिशा सुधारेल, पण ओढ निम्मीच राहील, म्हणून तेही काढून सुलटं लावा. नंतर दुपारी दोनला उन्हात उभी करून २० मिनिटं आयडलला ठेवा. पंखा चालू होऊन काटा खाली आणून परत बंद झाला पाहिजे. बंदच होत नसेल तर डिस्टिल्ड यांनी सांगितलेलं रॉडिंग घाटाच्या आधी करून घ्या.