मदत हवी आहे: एआय एजंटमधून लॉगआउट केलं तरी माझंच जीमेल उघडतंय

सांगलीच्या मार्केट यार्डात मामांचं हळदीचं अडत दुकान आहे. सौद्याच्या दिवसांत व्यापाऱ्यांच्या आणि बँकेच्या मेलचा इतका ढीग पडतो की दिवाणजी रात्री दहापर्यंत नोंदी करत बसायचे. म्हणून मी दुकानाच्या विंडोज लॅपटॉपवर एक एआय एजंट, म्हणजे सांगितलेली कामं स्वतः करणारा प्रोग्राम, बसवून दिला. तो जीमेल वाचतो, पार्टीचं नाव, लॉट आणि रक्कम काढून गूगल शीटमध्ये भरतो. मधे एमसीपी सर्व्हर आहे, म्हणजे एआय अॅपला जीमेल आणि शीटशी जोडणारा पायथनचा छोटा प्रोग्राम. कोड बराचसा एआयकडूनच लिहून घेतलाय.

चूक अशी झाली की चाचणीसाठी माझं स्वतःचं जीमेल जोडलं, दुकानाचे मेल तिकडे फॉरवर्ड केले आणि पुढे तेच चालू राहिलं. जीमेलची परवानगी मागायला गूगल क्लाउडवर नोंदवलेलं अॅप 'टेस्टिंग'मध्ये (चाचणीत) होतं तेव्हा दर ७ दिवसांनी परत लॉगइन मागायचं आणि दिवाणजींचा फोन यायचा. कंटाळून मी ते 'प्रॉडक्शन'मध्ये (प्रत्यक्ष वापरात) टाकलं.

आता मी नोकरीसाठी पुण्याला चाललोय, लॅपटॉप दुकानातच राहील. काल एआय अॅपमध्ये 'डिस्कनेक्ट' केलं, अॅप काढून टाकलं, परत टाकलं, आणि सर्व्हर पुन्हा जोडून 'आजचे मेल दाखव' म्हटलं. लॉगइन न विचारता माझाच इनबॉक्स समोर! त्यात सगळ्यात वर आईच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट. मामा घरचेच आहेत, पण दुकानात दिवसभर हमाल, तोलाईवाले, व्यापारी येऊन बसतात. रात्री झोप लागली नाही.

पासवर्ड नक्की कुठे साठलाय? आणि मी गेल्यावर काहीही उरणार नाही याची खात्री कशी करायची?

प्रतिसाद १ (मिरजकर)

पासवर्ड कुठेच साठलेला नाही, टोकन साठलंय, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी गूगलने दिलेली परवानगीची चिठ्ठी. गूगलची दोन टोकनं असतात. अॅक्सेस टोकन साधारण तासाभरात संपतं. रिफ्रेश टोकन मात्र टिकतं आणि दर वेळी नवं अॅक्सेस टोकन आणून देतं. टेस्टिंगमध्ये ते रिफ्रेश टोकनच ७ दिवसांत मरत होतं. तुम्ही प्रॉडक्शनमध्ये टाकलंत आणि ती मुदत गेली.

सर्व्हरच्या फोल्डरमध्ये 'टोकन.जेसन' (token.json) नावाची फाइल आहे का बघा. गूगलच्या पायथन नमुन्यात ती तिथेच तयार होते आणि एआय बहुतेक वेळा तोच नमुना उचलतो. एआय अॅप काढलं तरी तिला धक्का लागत नाही, कारण ती त्या अॅपची नाहीच.

पण नुसती फाइल उडवून थांबू नका. दिवाणजी काम सोडून गेले तर आपण त्यांच्याकडचं चेकबुक घेतो, पण बँकेत जाऊन त्यांची सहीही रद्द करतो ना? इथली सही गूगलकडे आहे. गूगल खात्यात थर्ड-पार्टी अॅप्स आणि सेवांच्या यादीत जा, तुमचं अॅप शोधा आणि परवानगी काढून घ्या. मग फाइल उडवा, मग सर्व्हर बंद करून चालू करा. चालू असलेल्या सर्व्हरच्या मेमरीत जुनं टोकन राहतं. परवानगी काढल्याचा परिणाम पूर्ण व्हायला थोडा वेळही लागू शकतो, तेव्हा लगेच मेल दिसले तर घाबरू नका.

प्रतिसाद २ (कृष्णाकाठ)

त्या लॅपटॉपच्या क्रोममध्ये तुमचंच खातं लॉगइन असणार. तेही काढा, नाहीतर दिवाणजी नव्याने जोडायला जातील आणि गूगल पुन्हा तुमचंच खातं पुढे करेल. परवानगी मागणाऱ्या लिंकमध्ये 'प्रॉम्प्ट' (prompt) या सेटिंगला 'सिलेक्ट_अकाउंट' (select_account) द्यायला कोड लिहिणाऱ्या एआयला सांगा, म्हणजे दर वेळी खातं विचारेल.

कोणी दूरच्या एमसीपी सर्व्हरला जोडणारं एमसीपी-रिमोट हे टूल वापरत असेल तर त्याची टोकनं युजरच्या होम फोल्डरमध्ये '.एमसीपी-ऑथ' (.mcp-auth) या फोल्डरात असतात. कोड ठेवायच्या गिटहब या साइटच्या जीएच (gh) कमांडमध्येही हीच गत आहे: लॉगआउट केलं की टोकन फक्त या मशीनवरून जातं, गिटहबकडे ते चालूच राहतं. यात मी स्वतः महिनाभर गाफील होतो.

धागाकर्ता

मिरजकर दादा, फाइल सापडली, आणि एक नाही, दोन! दुसरी 'जुना' नावाच्या फोल्डरमध्ये होती. परवानगी काढली, दोन्ही उडवल्या, सर्व्हर बंद-चालू केला. कृष्णाकाठ म्हणाले तसंच झालं, ब्राउझरने माझंच खातं पुढे केलं. क्रोममधून बाहेर पडलो, मग दुकानाच्या खात्याने जोडलं. आता दुकानाचाच इनबॉक्स दिसतोय. फॉरवर्डही बंद केलं.

एक शंका उरली. एआयच्या एपीआयची की (key, म्हणजे माझ्या खात्यावर एआय सेवा वापरू देणारा गुप्त कोड) '.एन्व्ह' (.env) या सेटिंगच्या फाइलमध्ये आहे, तीही माझ्याच नावावर, आणि त्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर आहे. पेनड्राइव्ह कुणाकडे आहे ते दिवाणजींनाही आठवत नाही.

प्रतिसाद ३ (मिरजकर)

पेनड्राइव्ह शोधत बसू नका. एपीआय की फाइलमधून पुसली म्हणून ती मरत नाही, आणि तिला लॉगआउटही नसतं. जिथून ती घेतली त्या कन्सोलमध्ये जाऊन आजच रद्द करा आणि दुकानाच्या खात्यावर नवी काढा. त्या प्रतीत टोकन.जेसन असेल तरी परवानगी काढल्यामुळे ते निकामी झालंय. तसंच गूगल क्लाउडवरचं अॅपही तुमच्याच खात्यात आहे. जाण्याआधी त्या प्रोजेक्टवर दुकानाचं खातं मालक म्हणून जोडा, नाहीतर पुण्याहून फोनवरच सगळं करावं लागेल.

धागाकर्ता

एपीआय की रद्द केली, नवी टाकली. प्रोजेक्टचं उद्या दिवाणजींना शेजारी बसवून करतो. खूप आभार.