मदत हवी आहे: जमिनीला न लागताच चक्रीवादळ समुद्रात कसं विरतं?

प्रश्न (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा): जमिनीवर आलं की वादळाचा जोर संपतो, हे ठाऊक आहे. पण अरबी समुद्रातलं 2019 चं क्यार सुपर सायक्लोन (सर्वांत तीव्र श्रेणीचं चक्रीवादळ) होऊनही भर समुद्रात संपलं, त्यामागोमाग आलेलं महाही किनाऱ्याजवळ येईतो ढिलं पडलं. खाली पाणी असूनही असं का होतं? आणि ‘वादळ ओसरलं’ अशी बातमी आली की भात कापायला घ्यावं का?

घाटमाथा: नुसतं पाणी असून भागत नाही, ते उबदार लागतं. साधारण 26.5 अंशांच्या वर, आणि तेही 50 मीटर खोलीपर्यंत. नुकत्याच पेटवलेल्या बंबात वरचं पाणी गरम लागतं, पण ढवळलं की खालचं गार पाणी वर येतं. वादळ एकाच जागी रेंगाळलं की समुद्राचं तसंच होतं. वारा पाणी घुसळतो, पृष्ठभाग थंड होतो आणि वाफ कमी पडते. झपाट्याने पुढे सरकणाऱ्या वादळाला हा त्रास कमी.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे वरच्या आणि खालच्या वाऱ्यांतली तफावत. साधारण दीड किलोमीटर आणि 12 किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांत 20 नॉटपेक्षा (ताशी सुमारे 37 किलोमीटर) जास्त फरक पडला की वादळ कलंडायला लागतं. खाली चूल आणि धुराडं भलतीकडेच, अशी गत होते. मधली उष्णता वाहून जाते आणि केंद्रातला दाब पुन्हा चढतो, म्हणजे वादळ ढिलं पडतं. उपग्रहाच्या चित्रात ढगांचा पुंजका केंद्रापासून एका बाजूला सरकलेला दिसला, तर हेच चाललंय असं समजा.

निपाणी-चिकोडी: अरबी समुद्रात कोरडी हवाही धरा. अरबस्तानाकडून ती आत घुसली की पावसाचे थेंब त्या हवेतच सुकतात, हवा गार होऊन खाली बसते आणि गडगडाटी ढग वाढत नाहीत. उपग्रहाच्या बाष्प दाखवणाऱ्या चित्रात हा पट्टा काळपट दिसतो.

प्रश्नकर्ता: मग कापणीचं काय?

घाटमाथा: वाऱ्याच्या आकड्यावर भात कापू नका! ताशी 62 किलोमीटरच्या खाली वारा गेला की ‘चक्रीवादळ’ हे नाव जातं, बाष्प जात नाही. तीच ओली हवा सह्याद्रीवर चढली की खानापूरकडे कोसळते. म्हणून नावापेक्षा पावसाचा इशारा बघा. 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून ‘जोरदार’, 115.6 पासून ‘अति जोरदार’ धरतात.

आपल्याकडे एक चूक हमखास होते. मराठी बातम्यांत कोकण आणि मध्य महाराष्ट्राचा अंदाज ऐकून लोक कामाला लागतात. हवामान खात्याच्या हिशेबात बेळगाव ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ या विभागात येतं, तेव्हा बेंगळूरु केंद्राचा जिल्हावार अंदाज उघडा. घाटाकडच्या गावांनी गोव्याच्या रडारचं चित्रही जोडीला ठेवावं.

निपाणी-चिकोडी: भात कापून पडलेलं असेल तर पेंढ्या शेतात पसरून ठेवू नका. खळ्यावर उंचवट्याला रचा आणि खाली लाकडं घाला. वरून ताडपत्री टाका, पण बाजूंनी हवा खेळू द्या, नाहीतर ओलं धान्य आतल्या आत तापून मोड येतात.

प्रश्नकर्ता: समजलं. बेंगळूरुचा अंदाज बघूनच विळा लावतो.