तऱ्हेवाईक वाजवणारे: तुम्ही कुणाला बघितलंय?

कृष्णाकाठची
काल रात्री फिनलंडच्या आकी कौरिस्माकीचा १९८९ चा ‘लेनिनग्राड काउबॉइज गो अमेरिका’ हा सिनेमा बघितला, अजून डोक्यातून जात नाहीये. सायबेरियातला बँड. प्रत्येकाच्या केसांचा तुरा कपाळाच्या पुढं आलेला, बुटांची टोकंही तशीच लांबलचक. गावात कुणी विचारत नाही म्हणून अमेरिकेला जातात, तिथला एजंट त्यांना थेट मेक्सिकोतल्या लग्नात वाजवायला धाडतो. जुनी गाडी, टपावर शवपेटीत थंडीनं गोठलेला बेस गिटारवाला. वाटेत मिळेल त्या बारमध्ये तिथल्या लोकांना रुचेल ते वाजवायचं. मॅनेजर बिअर पितोय, पोरं उपाशी. तरी वाजवायला उभी राहिली की काय ताठ मान! फार फार आवडले मला ते.

आणि सांगलीतले आमच्या गल्लीतले क्लॅरिनेटवाले तात्या आठवले. लग्नाआधी नवरदेव मारुतीला निघाला की ते वाटेत मध्येच थांबायचे, रीड जिभेवर ओली करायचे आणि भीमपलास राग सुरू. नवरदेवाचा मामा हात जोडून, “तात्या, मुहूर्त टळतोय ओ!” तात्यांचे डोळे मिटलेले. पूर्ण करूनच पाऊल उचलायचे. तुम्हाला भेटलेत का असे कोणी? लिहा ना.

मिरजकर
आमच्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी काढणारे, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासून देणारे एक चाचा होते. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस हलकीच फिरवायची, पूड बोटानं पुसायची, तार चढवायची, दोरा केसभर सरकवायचा, कान लावायचा. परत तार खाली. एक बाई तंबोरा न्यायला आल्या, रिक्षा दारात उभी. चाचा म्हणाले, “पंचम अजून बोलत नाही, रिक्षा परत पाठवा.” बाई संध्याकाळपर्यंत बसल्या! २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पहिली त्यांचीच आठवण आली.

साताऱ्याची सून
कुकर लावून आले. त्या बेसवाल्याचं पुढं काय होतं??

कृष्णाकाठची
ते नाही सांगणार वहिनी, बघाच. बोलणं बहुतेक इंग्रजीत आहे आणि मुळात बोलतातच कमी. आणि ऐका, हा बँड पुढं खराच वाजवत फिरला. १९९३ मध्ये हेलसिंकीच्या चौकात रशियन लष्कराच्या गायकांसोबत कार्यक्रम केला त्यांनी.

औदुंबर
किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांनी कुत्र्याला सूर लावायला शिकवलं होतं. लोक तेवढंच सांगतात. पण याच माणसानं सांगलीचे संगीताचे अभ्यासक देवल यांना श्रुती, म्हणजे स्वरांमधली बारीक अंतरं, मोजायला गाऊन दाखवलंय. असा बारीक कान असलेला माणूस कुत्र्याच्या गळ्यातलाही स्वर ऐकणारच की. १९३७ ला गेले, अजून मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला त्यांच्या नावानं गाणं होतं. एकदा रात्रभर बसा तिथं.

वाईकर
आमच्या जत्रेत बगाडाचा गाडा ओढतात, त्याला एक हलगीवाले आबा यायचे. जाळापाशी हलगी शेकत बसायचे. चामडं कडक होऊन टणटणल्याशिवाय काडी लावणार नाहीत, मग पाटील येऊ दे नाहीतर आमदार. एकदा वाजली की अंगावर काटा. रंगपंचमीला बावधनला या सगळे, भाकरी-आमटी आमच्याकडं.

साताऱ्याची सून
येणार! बगाडाला गर्दी लई असते पण, पोरांना आणावं का?

वाईकर
आणा वहिनी, आमच्या माडीवरून दिसतं.

पलूसचा
वडील रात्री गच्चीवर पेटी वाजवायचे. शेजारी ओरडले की भाता हळू, पण बंद नाही. मागच्या वर्षी गेले. पेटी आहे, उघडवत नाही.

कृष्णाकाठची
दादा, वाचून गलबलून आलं. उघडा ती. भाता पडून राहिला की खराब होतो.

पलूसचा
बघतो ताई. मिरजकर, घरात आजीचा तंबोरापण आहे, भोपळ्याला चीर गेलीय. होईल का काही?

मिरजकर
गल्लीत आणून दाखवा, बघून सांगतील. तारा सैल करून आणा आणि एसटीत मांडीवर घ्या, डिकीत अजिबात टाकू नका. शुक्रवारी येऊ नका, नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात.