कमरेतून हाड काढणं हाच अजूनही पहिला पर्याय असावा का?

पाऊलवाट:
न जुळलेलं फ्रॅक्चर असो की मणके सांधायचे असोत, ग्राफ्टसाठी, म्हणजे तिथे भरायच्या हाडासाठी, कमरेच्या हाडाच्या कडेलाच हात घातला जातो. हे सवयीने होऊ नये असं माझं ठाम मत आहे. धडधाकट जागी आपण दुसरी जखम करतो. पुढून काढताना मांडीच्या बाहेरच्या अंगाची नस दुखावली तर मांडी बधिर पडते, चुरचुरते, कधी कायमची. मागून काढताना कुल्ल्यावरच्या त्वचेच्या नसा सापडतात. रक्त साकळतं, जंतुसंसर्ग होतो. पूर्ण जाडीचा तुकडा काढलेल्या खिंडारातून हर्निया झाल्याच्याही नोंदी आहेत. आणि ते दुखणं! काहींचा पाय बरा होतो, कंबर मात्र महिनोन्महिने ठणकत राहते.

अस्थिमित्र:
यातलं बरंच टाळता येतं, ते तुम्ही लिहिलंच नाहीत. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून निदान 3 सेंमी मागे राहिलं तर नस वाचण्याची शक्यता वाढते, टोक तुटण्याचा धोकाही घटतो. मागून काढताना छेद मागच्या टोकापासून 8 सेंमीच्या पलीकडे न्यायचा नाही. पूर्ण जाडीचा तुकडा दरवेळी लागतो कुठे? आतलं जाळीदार हाड खरवडून घेतलं की बऱ्याचदा भागतं.
स्वतःच्या हाडात जिवंत पेशी असतात, हाड घडवायला चालना देणारी प्रथिनं असतात आणि आधाराचा सांगाडाही. हाडाऐवजी भरायच्या कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटमध्ये फक्त सांगाडा. दोनदा न जुळलेल्या नडगीत नुसतं ते भरून मी वाट बघणार नाही.

पाऊलवाट:
नडगीचं मान्य. पण गुडघ्याखालचा खचलेला सांध्याचा पृष्ठभाग उचलल्यावर उरते ती पोकळी. तिथे आधार हवा, जिवंत पेशी नव्हेत. कॅल्शियम फॉस्फेट सिमेंट तिथे उत्तम टिकतं. मग कंबर कशाला उघडायची?

रेवा:
मणक्यांबद्दल थोडं. ज्यांच्या कमरेतून काहीच काढलेलं नाही असे पेशंटही नेमकं तिथेच दुखतं म्हणतात, तेव्हा सगळं खापर ग्राफ्टवर फोडू नका. पर्यायही निरुपद्रवी नाहीत. बीएमपी-2 या हाड घडवायला चालना देणाऱ्या प्रथिनाला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2002 मध्ये कमरेच्या मणक्यांसाठी मान्यता दिली आणि 2008 मध्ये मानेतल्या वापराबद्दल इशारा दिला, कारण गळ्याला सूज येऊन श्वास अडकत होता.

पाऊलवाट:
इशारा रास्तच. तरी संमतीपत्रात कमरेच्या जखमेची वेगळी ओळ हवी, तीही ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाईत नव्हे.

अस्थिमित्र:
त्यावर वाद नाही. मात्र हाड जुळलं नाही तर पुन्हा टेबलवर यावं लागेल, हेही मी त्याच बैठकीत सांगेन.